फुली कुठल्या खांद्यावर

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी ठीक आहे म्हणालो. तिसऱ्या वेळी तू फोन ठेवून दिलास आणि सगळं कागदावर लिहून पाठव असा निरोप धाडलास. तेव्हा हुकमाप्रमाणे लिहितो. लिहायला त्रास होत नाही. कोपर टेबलावर टेकलेलं असलं की उजवा हात शहाण्यासारखा वागतो. टेबलावरून उचलला की त्याचं आणि माझं पटत नाही.

झालं ते असं. एकवीस जानेवारीला एका नाचाच्या वर्गासाठी केलेला मोठा आरसा आम्ही घोडीवरून उतरवत होतो. घोडी म्हणजे आमच्या कारखान्यात काचा उभ्या ठेवायची लाकडी चौकट. तिच्यावर ठेवलेल्या मोठ्या आरशाची वरची कड माझ्या डोक्याच्याही हातभर वर जाते. असा आरसा दोघं उतरवतात. एक खालची कड सांभाळतो आणि जो उंच असेल तो वरची. गेली एकोणीस वर्षं वरची कड माझी आहे. जोडीदाराच्या हातातली, काच चिकटवून धरायची रबरी चकती सुटली आणि सगळं वजन माझ्या उजव्या हातावर आलं. मी आरसा सोडला नाही. सोडायला हवा होता असं आता जो तो सांगतो. खांद्यात आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि खालचा कोपरा आवरताना डाव्या तळहातात काचेची कड घुसली. रक्त डावीकडून आलं म्हणून सगळे डाव्या हाताकडे धावले. पाच टाके पडले. आरशावर ओरखडासुद्धा नाही.

तळहात बरा झाला, खांदा नाही. हात समोरून वर नेला की छातीच्या जरा वर अडतो. डॉक्टरांनी बारा वेळा फिजिओथेरपी घ्यायला सांगितलं आहे. कामावर लागलं, म्हणून त्याचा खर्च कामगार भरपाईतून व्हायला हवा. अपघाताचे कागद आमच्या कारखान्याच्या मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी भरून घेतले होते, त्यांनाच जोडून आता फिजिओची मागणी गेली आहे. फिजिओबाईंनी एकदा तपासलं. त्या म्हणाल्या की हा हात वळणावर आणता येईल, पण वाट पाहत बसू नका. खांदा न हलवता ठेवला तर आखडतो आणि मग कुणाचं ऐकत नाही. मालकांनी माझी जागा मेअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर वरची कड धरता आली तर जागा माझी.

काळजी करू नकोस, असं शेवटी लिहायचं असतं म्हणून लिहितो. दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढा पुरतो, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
छोटू

१५ फेब्रुवारी

चि. छोटूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

सहा फुटांच्या माणसाला छोटू म्हणताना पोस्टमनसमोर मला संकोच वाटतो, पण आता सवय मोडणार नाही.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा रागाने (काच सोडायची असते रे, तुझा हात काही कारखान्याचा नाही) आणि तिसऱ्यांदा खरं सांगायचं तर नुसत्या उत्सुकतेने. मी चाळीस वर्षं कपडे शिवते. हजारो मुंढे कापले असतील. बाही बसवताना मुंढा अर्धं बोट कमी पडला तर हात वर होत नाही हे मला कळतं. पण मुंढ्याच्या आत काय असतं, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. तुझ्या फिजिओबाईंना विचार. हात वर जातो तेव्हा नक्की काय वर जातं? मागचं पसरट हाड हलतं का? मी आरशासमोर उभी राहून पाहिलं, हलल्यासारखं वाटलं. दाजींनाही हात वर करायला लावला. त्यांनी काही विचारलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली की माणूस विचारत नाही.

दुसरं म्हणजे, भरपाईच्या कागदांच्या नकला तुझ्याकडे आहेत का? नसतील तर आजच काढ. मंजुरीचं पत्र आलं की तेही कळव. लोभ मागायची मला गरज नाही, मी थोरली आहे.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न फिजिओबाईंना विचारला. त्या इतक्या खूश झाल्या की पुढचा पेशंट दहा मिनिटं बाहेर बसला. मागचं पसरट हाड हलतं, तू बरोबर पाहिलंस. हात पूर्ण वर जातो त्यात दोन वाटे खांद्याचा सांधा करतो आणि एक वाटा ते हाड. माझ्यात सांधा संपावर गेलाय आणि हाड बिचारं त्याचंही काम करायला बघतंय, म्हणून हात उचलला की माझा खांदा कानाकडे चढतो. ही चोरी त्यांनी लांबूनच पकडली. त्यांच्याकडे कोन मोजायची पट्टी आहे. माझा हात नव्वदपर्यंत येतो. सरळ वर म्हणजे एकशे ऐंशी. मला अर्धा माणूस म्हणायला हरकत नाही.

ही झाली गंमत. आता दुसरी गोष्ट. भरपाईचं पत्र आलं. फिजिओ नामंजूर. कारण एका ओळीत लिहिलंय, ‘उपचारासाठी दर्शवलेला अवयव अपघाताच्या नोंदीशी जुळत नाही.’ म्हणजे त्यांना फक्त तळहात दिसला, असं मी समजतो. खांदा वयामुळे झिजला असावा असंही पुढे आहे. सत्तेचाळीस हे काही झिजायचं वय नाही, पण हे कोणाला सांगणार. फेरविचारासाठी तीस दिवस आहेत. मंजुरीशिवाय बारा वेळा जाणं मला परवडायचं नाही, म्हणून सध्या घरीच हात हलवतो. ठीक आहे.

तू मागितल्या म्हणून नकला सोबत पाठवतो. चार कागद आहेत, माझा, मिस्त्रींचा आणि दोन साक्षीदारांचे.

राग लोभ दोन्ही चालतील, फक्त पत्र लांबवू नकोस.

तुझा,
छोटू

१ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला ठीक आहे असं लिहिल्याचं मला पाकीट चिकटवताना कळलं, म्हणून हे वेगळं पत्र. यांना सांगू नका.

ठीक नाही. शर्टाची उजवी बाही मी घालून देते. केस डाव्या हाताने विंचरतात, म्हणून हल्ली भांग पडक्या कुंपणासारखा दिसतो. फिजिओबाईंनी भिंतीवरून बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर यांनी पेन्सिलीने रेघा मारल्यात, रोज किती वर गेलं ते कळावं म्हणून. गेला आठवडाभर रेघ त्याच जागी पडतेय. काल पाहिलं, ती बोटभर खाली होती. मी म्हटलं, बाईंकडे जाऊन या. म्हणाले, मंजुरी येऊ दे. मी म्हटलं, ती तर नाकारली ना. तर म्हणाले, हो, पण येऊ दे.

मला कागदातलं कळत नाही आणि यांना कळतं असं यांना वाटतं. तुम्ही ते कागद बघाच.

तुमचा जिव्हाळा आहे म्हणून एवढं लिहायचं धाडस.

तुमची,
वहिनी

६ मार्च

चि. छोटूस,
आशीर्वाद, आणि एक प्रश्न.

तू डाव्या खांद्यावर फुली का मारलीस?

चारही कागद टेबलावर मांडून बसले आहे. प्रत्येकावर माणसाचं चित्र छापलंय, नाक-डोळे नसलेलं, आणि जिथे लागलं तिथे फुली मारा असं खाली लिहिलंय. तू फुली मारलीस, मिस्त्रींनी मारली, दोघा साक्षीदारांनी मारली. चौघांनी डाव्या खांद्यावर मारली. शब्दांत मात्र चौघांनी नुसतं ‘तळहात, खांदा’ लिहिलंय, बाजू कुणीच लिहिली नाही. मग उजव्या खांद्याचं बिल पाहून तिथला कारकून काय समजेल? तो म्हणेल, चार माणसं डावा सांगतायत आणि डॉक्टर उजवा सांगतोय. त्याच्या जागी मी असते तरी नामंजूर केलं असतं.

आधी मला वाटलं की गोंधळ माझाच होतोय. मग आठवलं, ज्या कामात माझा जन्म गेला त्यात हा पहिला धडा असतो. उजवी बाही म्हणजे घालणाऱ्याची उजवी. बघणाऱ्याची नाही. समोर उभ्या माणसाची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला येते. तुमच्या फुल्या कागदाच्या उजव्या बाजूला आहेत. म्हणजे चित्रातल्या माणसाचा डावा खांदा.

एकाने चूक केली तर मी समजू शकते. चौघांनी तीच चूक कशी केली, याचा मी दोन दिवस विचार करतेय. एकमेकांचं बघून मारल्या का? उलट टपाली कळव. आणि भिंतीवरच्या रेघा बोटभर खाली आल्या असतील तर तेही खरं लिही. मला कुणी सांगितलेलं नाही, मला कळतं.

ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कुणी सांगितलेलं नाही हे मला मान्य आहे. ज्यांनी सांगितलं नाही त्या इथे शेजारी बसून मटार सोलतायत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मनात म्हटलं, ताईचा चष्मा बदलायला झालाय. कागद काढून पाहिला. फुली उजवीकडेच होती. कारखान्यात नेला. मिस्त्रींनी पाहिला आणि म्हणाले, उजवीकडेच आहे की. दोघा साक्षीदारांनी पाहिलं, तेही तेच म्हणाले. नाही, कुणी कुणाचं बघून मारलं नव्हतं. चौघं वेगवेगळ्या वेळी कचेरीत गेलो होतो. चौघांच्या मते तू चुकलीस असं ठरलं आणि आम्ही जेवायला बसलो.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने कागद भिंतीला टेकवून उभा केला आणि विचारलं, हा माणूस आत्ता तुमच्याशी हात मिळवायला आला तर कुठला हात पुढे करेल? मी बोट दाखवायला गेलो, तर ते फुली नसलेल्या बाजूला गेलं. ताई, एकोणीस वर्षांत माझ्यासमोर इतकी माणसं उभी राहिली, पण त्यातला एकही हात मिळवायला आला नाही. ती सगळी आरशातली होती. मी उजवा हात हलवला की ती माझ्या उजव्या बाजूचा हलवतात. कारखान्यात सगळे असेच बोलतात. उजवीकडे भोक पाडा म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. आरशासमोर उभं राहिल्यावर जे उजवं, तेच उजवं. दिवसभर आम्ही याच हिशोबाने जगतो. ते चित्र समोर आलं तेव्हा आम्ही चौघं आरशासमोर उभे होतो.

आता अडचण अशी. फेरविचाराच्या अर्जात मिस्त्रींनी लिहून द्यायला हवं की फुली चुकून उलट बाजूला पडली. साक्षीदार म्हणतात, मिस्त्री सही करतील तिथे आम्ही करू. आणि मिस्त्री करत नाहीत. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एक भोक चुकीच्या बाजूला पडलेलं नाही, आणि हे ते रोज कुणालातरी सांगतात. चुकून हा शब्द त्यांना कागदावर नको आहे. म्हणाले, चित्र चुकीचं छापलंय, ते बदलायला सांगा. मी म्हटलं, चित्र बदलेपर्यंत माझा हात लाकडाचा होईल. तर उठून काच घासायच्या यंत्राकडे गेले आणि ते चालू केलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

रेघ दोन बोटं खाली आली आहे. खरं लिहिलं.

लोभ नुसता असून भागणार नाही, सल्लाही पाठव.

तुझा,
छोटू

१७ मार्च

चि. छोटूस, आशीर्वाद.

घाईत लिहिते, टपाल निघायचंय. मिस्त्रींकडून चूक कबूल करून घ्यायचा हट्ट सोड. ज्या माणसाला अठ्ठावीस वर्षांचं एकच भूषण आहे त्याच्याकडून ते काढून घेऊन तुझा हात वर जायचा नाही. अर्ज तू तुझ्या नावाने कर. कारखान्यात उजवं-डावं कसं सांगतात ते सरळ लिही. प्रत्यक्ष भेटून बोलायची विनंती कर, आणि मिस्त्रींना एवढंच सांग की तुम्ही या आणि तुम्हाला जे खरं वाटतं ते बोला. त्यांना फुली बरोबर वाटते ना? तसंच बोलू देत. मला तर ते ऐकायलाच आवडेल.

आणि वहिनीला सांग, हात मिळवायची युक्ती मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी उद्यापासून तसंच शिकवणार आहे.

ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल भेट झाली. विसरायच्या आत लिहितो.

फेरविचार ज्यांच्याकडे असतो त्या अधिकारी बाई पन्नाशीच्या आहेत. खोली लहान, दोन कपाटं आणि एक खिडकी न उघडणारी. मी, मिस्त्री आणि दोघे साक्षीदार. माझा अर्ज त्यांनी वाचला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी आधी मिस्त्रींना विचारलं की फुली कुठल्या खांद्यावर आहे. मिस्त्री म्हणाले उजव्या. बाई म्हणाल्या, मला डाव्या दिसतेय. मिस्त्री म्हणाले, तुम्हाला दिसत असेल, आहे उजव्या. असं तीनदा झालं. मला वाटलं, संपलं सगळं.

मग बाईंनी खणातून कोरा अर्ज काढला आणि मिस्त्रींना म्हणाल्या, तुम्ही घड्याळ लावलंय त्या मनगटावर खूण करा. मिस्त्री घड्याळ डाव्या हाताला लावतात. त्यांनी अजिबात न थांबता कागदाच्या डाव्या बाजूला खूण केली. बाईंनी दुसरा कोरा कागद साक्षीदाराला दिला, तिसरा दुसऱ्याला. दोघांचीही घड्याळं डाव्या हाताला, दोघांनी तेच केलं. चौथा त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या टंकलेखकाला दिला. त्याचंही घड्याळ डाव्या हाताला, पण त्याने खूण कागदाच्या उजवीकडे केली आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही कुठून आलोय.

बाईंनी चारी कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मिस्त्रींना म्हणाल्या, हे असं का होतं ते मला सांगा. चुकलात असं म्हणाल्या नाहीत, ताई. का होतं, असं विचारलं. आणि मिस्त्री सुरू झाले. आरसा मागून कसा रंगवतात, भोक पाडताना काच पालथी असते तेव्हा खूण उलट्या बाजूला का करावी लागते, गिऱ्हाईक उजवं म्हणतं तेव्हा त्याला कुठलं उजवं अभिप्रेत असतं. पंधरा मिनिटं बोलले असतील. बाईंनी मधे मधे प्रश्न विचारले आणि एकदा तर उठून कपाटाच्या काचेसमोर उभ्या राहिल्या आणि हात हलवून पाहिला. शेवटी त्यांनी मिस्त्रींना विचारलं, मग त्या दिवशी आरशाची वरची कड कुठल्या हातात होती, तुमच्या भाषेत नको, यांच्या शरीरावर हात ठेवून सांगा. मिस्त्री उठले आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. हळू ठेवला. तरी दुखला.

बाहेर आल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले की बाई हुशार आहे, कारखान्यात चालली असती.

निकाल आठवड्यात कळेल म्हणतात. तुझं म्हणणं बरोबर होतं, हे लिहायला मला त्रास होत नाही, कोपर टेकलेलं आहे.

लोभ चालू ठेव.

तुझा,
छोटू

१४ एप्रिल

चि. छोटूस, आशीर्वाद.

वहिनीचा फोन आला. आठ वेळा मंजूर, उरलेल्या चार फिजिओबाईंचा अहवाल पाहून. बातमी सांगताना ती रडत होती आणि रडत नाही असं सांगत होती. उद्याच जा. परवा नाही, उद्या.

एक गोष्ट मात्र मनात घोळतेय. दहा आठवडे वाया गेले. त्याचं काय होईल हे फिजिओबाईंना विचार आणि मला गोड करून सांगू नकोस.

ताई

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बारा वेळा जाऊन झालं. अहवाल पाहून शेवटच्या चारही मंजूर झाल्या. फिजिओबाईंनी मुंढ्याच्या आतल्या एकेका स्नायूची ओळख करून दिली आहे, आता त्यांच्यावर माझा राग नाही. तुला गोड करून सांगत नाही. हात एकशे पन्नासपर्यंत जातो. बाई म्हणाल्या, पुढचे तीस आले तर हळूहळू येतील, नाही आले तर याच्यातच बसवा. लवकर सुरू झालं असतं तर कदाचित आले असते, हेही त्यांनी लपवलं नाही.

एकशे पन्नासला शर्ट घालता येतो, केस विंचरता येतात, दिवा बदलता येतो. घोडीवरच्या मोठ्या आरशाची वरची कड धरता येत नाही. चार बोटं कमी पडतात. मे महिना संपत आला तेव्हा मी मालकांना हे खरं सांगितलं. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, बघू.

त्याच दिवशी दुपारी मिस्त्रींनी मला भिंतीशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. मी केला. खांदा कानाकडे चढवायची चोरी केली तर त्यांनी हाताने खाली दाबला. मग बोटांच्या टोकाशी खडूची रेघ मारली, पट्टीने जमिनीपासून मोजलं, खिशातल्या कागदावर लिहिलं आणि निघून गेले. मला वाटलं, मालकांना दाखवायला मोजलं असेल. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची तर पुरावा हवा.

सोमवारी बोलावलं म्हणून गेलो. घोडीवर मोठा आरसा चढवलेला होता. जोडीदार खालच्या कडेशी उभा होता. मिस्त्री म्हणाले, धर. मी हात वर नेला आणि कड हाताला लागली. नीट, चारही बोटांत. आम्ही आरसा उतरवला, भिंतीला लावला, दुसरा चढवला, तोही उतरवला. खांदा बोलला, पण ओरडला नाही.

नंतर मी वाकून पाहिलं. घोडीचे चारही पाय खालून कापलेले होते. लाकूड ताजं होतं. मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, घोडी डुगडुगत होती, म्हणून कापले. मग घासायचं यंत्र चालू केलं.

घोडी कधीच डुगडुगत नव्हती, ताई. उद्यापासून पूर्ण वेळ कामावर जातोय.

सर्वांना नमस्कार, आणि तुझा लोभ मी यापुढे गृहीतच धरतो.

तुझा,
छोटू